कालवे आणि काळी बिअर : एका जोडीचा पाठशोध

कालवांबरोबर स्टाउट प्यावी, असे पाश्चात्त्य खाद्यग्रंथांत इतक्या निःशंकपणे सांगितलेले असते की त्यामागचे कारण विचारणे अरसिकपणाचे वाटावे. कोणी या जोडीला 'अभिजात' म्हणतो, कोणी 'परंपरागत'. साहित्याच्या वाटेने आलेल्या आमच्यासारख्यांचे कान या दोन शब्दांनी टवकारतात. एखाद्या संहितेला अभिजात म्हटले की ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी अभिजात ठरवली, हे विचारण्याची सवय आपल्याला अभ्यासाने लागलेली असते. मग ताटातल्या संहितेला तेवढी सूट कशासाठी द्यायची? शिवाय ही जोडी प्रथमदर्शनी विसंगतच वाटते. एका बाजूला लिंबाचा थेंब जास्त पडला तरी चव हरवून बसणारा नाजूक, खारट-गोडसर जीव. दुसऱ्या बाजूला करपवलेल्या धान्याची, कॉफीसारखी कडू, डांबरासारखी काळी बिअर. यांना एकत्र कोणी आणले? जिभेने, की इतिहासाने?

आधी शब्दाविषयी थोडे. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत 'ऑयस्टर' या शब्दासाठी बहुधा 'शिंपले' येते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे मोती उभा राहतो. कोकणात मात्र शब्दांची अशी टंचाई नाही. खडकाला चिकटलेले, कोयत्याने वा हातोडीने फोडून काढावे लागते ते कालव. वाळूत सापडते ती तिसरी. आणि शिनाणे ते आणखी वेगळे. लंडनच्या रस्त्यावर विकले जात होते ते कालव. त्यात मोती नव्हता, आणि तो मिळावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आता बिअर. स्टाउट हे मुळात स्वतंत्र नाव नव्हे. 'स्टाउट' म्हणजे दणकट. 'स्टाउट पोर्टर' म्हणजे दणकट पोर्टर. कालांतराने नाम गळून पडले आणि विशेषणच नाम होऊन बसले, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जी गडद तपकिरी, पिंपांत आणि हौदांत महिनोन्‌महिने मुरवलेली बिअर लोकप्रिय झाली, तिला तिच्या गिऱ्हाइकांचेच नाव मिळाले. थेम्सच्या धक्क्यावर जहाजे रिकामी करणारे आणि शहरभर ओझी वाहणारे हमाल ती पीत.

तिच्या जन्माची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. १७२२ साली शोरडिच भागातल्या राल्फ हारवुड नावाच्या बिअर गाळणाऱ्याने, गुत्तेवाल्याला तीन पिंपांतून तीन बिअरी मिसळण्याचा त्रास नको म्हणून, तिन्हींची चव एकाच पिंपात आणली, अशी ती कथा. कथा सुबक आहे. फारच सुबक आहे. ती ज्या रूपात आपल्यापर्यंत आली ते रूप १८०२ साली छापलेल्या लंडनच्या एका मार्गदर्शक पुस्तकातले, म्हणजे कथित घटनेनंतर तब्बल ऐंशी वर्षांचे. त्याआधी, १७६० साली, या धंद्यात मुरलेल्या एका गृहस्थाने टोपणनावाने वृत्तपत्रात लिहिलेल्या दीर्घ पत्रात पोर्टरच्या उदयाची हकीगत येते. तीत हारवुडचे नाव नाही. कर आणि मालाचे भाव यांमुळे धंद्याने हळूहळू घेतलेले वळण तेवढे दिसते. कोणत्याही लोकप्रिय गोष्टीला एक कर्ता हवाच, हा मोह साहित्येतिहासालाही सुटलेला नाही. आम्ही १७६० च्या पत्राच्या बाजूने आहोत.

हमालांच्या या पेयाचे उत्पादन मात्र अल्पावधीत प्रचंड झाले. मोठाल्या हौदांत मुरवण्यासाठी भांडवल लागे आणि ते मोजक्याच कारखानदारांकडे होते. हे प्रमाण किती अवाढव्य होते, ते १७ ऑक्टोबर १८१४ रोजी कळले. टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू आणि कंपनीच्या हॉर्स शू कारखान्यातला पोर्टरचा एक हौद फुटला, त्याच्या तडाख्याने आणखी पिंपे फुटली, आणि मागच्या भिंतीसह सारा लोंढा सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत शिरला. आठ जण मेले. त्यांतले पाच जण एका तळघरात, आदल्या दिवशी वारलेल्या दोन वर्षांच्या आयरिश मुलाच्या मृतदेहापाशी जमले होते. पंचांनी हे मृत्यू अपघाती, दैवी कोपाचे ठरवले. कारखान्याला पुढे सांडलेल्या बिअरवर भरलेला कर परत मिळाला. पोर्टरच्या इतिहासात ही घटना बहुधा विचित्र योगायोग म्हणून, किंचित हसू आणीत सांगितली जाते. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. हे पेय ज्यांच्या नावाने ओळखले जात होते आणि ज्यांच्या घामाच्या पैशावर हे हौद उभे राहिले होते, त्यांच्याच जातकुळीची माणसे त्यात बुडाली.

आणि कालवे? लंडनच्या पूर्वेस थेम्सच्या मुखापाशी, केंट आणि एसेक्सच्या किनाऱ्यांवर, व्हिट्स्टेबल आणि कोल्चेस्टर येथे कालवांच्या जुन्या बागा होत्या. तेथून बोटी भरभरून बिलिंग्जगेटच्या बाजारात येत. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या श्रमिकांच्या पाहणीत, रस्त्यावरचे फेरीवाले वर्षाला १२ कोटी ४० लाख कालवे विकतात, असा अंदाज दिला आहे. मेह्यूचे आकडे ऐकीव माहितीवर बेतलेले असत. तेव्हा त्यातला शेवटचा शून्य आपण फार मनावर घेऊ नये. पण एका पेनीला चार असा भाव असलेली ही वस्तू चैनीची नव्हती, एवढे त्यावरून निश्चित कळते.

याच काळातले दोन साहित्यिक पुरावे या जोडीच्या समर्थकांकडून नेहमी पुढे केले जातात आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला डिकन्सचा. 'पिकविक पेपर्स'च्या १८३६ च्या अखेरीस निघालेल्या भागात घोडागाडी व्हाइटचॅपलच्या गजबजलेल्या, कळकट रस्त्यावरून जात असता सॅम वेलर आपल्या मालकाला एक निरीक्षण ऐकवतो : वस्ती जितकी दरिद्री, तितकी तेथे कालवांची दुकाने अधिक. माणूस अगदी कंगाल झाला की हताश होऊन कालवे खात सुटतो, असा त्याचा तर्क. दुसरा पुरावा डिझरायलीचा. १८३७ च्या नोव्हेंबरात, नवी राणी व्हिक्टोरिया हिच्या पहिल्या पार्लमेंटात नुकताच निवडून आलेला हा तरुण कादंबरीकार, मतदान आटोपल्यावर कार्लटन क्लबात मोठ्या मंडळींबरोबर रात्रीचे खाणे करतो आणि बहिणीला पत्रातून कळवतो की कालवे, गिनेस आणि भाजलेली हाडे असा बेत होता. त्या दिवसाचा आनंद पत्रात ओसंडून वाहतो. (दोनतीन आठवड्यांतच, ७ डिसेंबरला, त्याचे सभागृहातले पहिले भाषण हशात बुडणार होते. ती रात्र अजून आलेली नव्हती.)

जेमतेम एका वर्षाचे अंतर. तेच शहर, तेच कालव. एका संहितेत ते दारिद्र्याची खूण, दुसरीत विजयाच्या रात्रीची. खाद्येतिहासकार हे दोन उतारे एकापाठोपाठ देऊन 'गरीब-श्रीमंत सर्वांनाच ही जोडी प्रिय होती' असा निष्कर्ष काढतात. आमच्या मते ही वाचनातली घाई आहे. सॅम वेलरच्या बोलण्यात बिअर कोठेच नाही. त्याचे कालव एकटे आहे. कालव आणि काळी बिअर एकाच ओळीत येतात ती क्लबातल्या मेजावर. आणि तेथली बिअरही हमालांच्या गुत्त्यातली लंडनची पोर्टर नाही, तर डब्लिनहून समुद्र ओलांडून आलेली, नाव सांगून मागवावी अशी गिनेस आहे.

तिसरा साक्षीदार मेह्यूच्याच पानांत आहे, पण त्याला सहसा कोणी बोलावत नाही. कालवे विकून पोट भरणाऱ्या एका व्यक्तीचे निवेदन मेह्यूने नोंदवले आहे. अगदी गरीब माणूस आमच्याकडून कधीच घेत नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. कारण त्याच एका पेनीत पाव येतो. किंवा अर्ध्या पेनीचा पाव आणि अर्ध्या पेनीचे चीज. किंवा अर्धा पाइंट बिअर, वर एक फार्दिंग शिल्लक. गिऱ्हाईक येते ते कामकरी आणि छोटे दुकानदार. हे वाचल्यावर सॅम वेलरचा सिद्धान्त विनोदी लेखकाची अतिशयोक्ती म्हणून आपल्या जागी जाऊन बसतो. त्याहून महत्त्वाचे हे की, हातात एकच पेनी असलेल्या माणसापुढे कालव 'आणि' बिअर हा पर्याय नव्हताच. कालव 'किंवा' बिअर एवढाच होता. कोणत्या खाण्याबरोबर काय प्यावे, हा प्रश्न दुसरी पेनी खिशात आल्यानंतरचा आहे.

या निवेदनातला आणखी एक तपशील साहित्याच्या वाचकांसाठी नोंदवून ठेवतो. पूर्वी एक विद्वान गिऱ्हाईक येत असे. मधूनमधून प्यालेला असे, आपण लेखक आहोत असे सांगत असे, डझनभर कालवे सहज संपवत असे. पुढे तो दिसेनासा झाला. त्याचे नाव विक्रेत्या व्यक्तीला कधी कळलेच नाही. तो काय पिऊन येत असे, हेही मेह्यूने विचारले नाही. आमचा कयास पोर्टरचा आहे, पण तो कयासच.

तर मग आज जिला परंपरा म्हणतात ती कोठून आली? आमच्या मते ती पुष्कळशी विसाव्या शतकातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसुमार उपशाने कालवांच्या बागा ओस पडत गेल्या आणि भाव चढत गेले. उरलेल्या बागांवर शहरांची गटारे सोडली गेली. १९०२ च्या नोव्हेंबरात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन येथे महापौरांच्या मेजवान्यांत एम्सवर्थची कालवे वाढली गेली. पाहुण्यांना विषमज्वर झाला आणि विंचेस्टरच्या धर्मपीठाचे डीन दगावले. मेलेला माणूस प्रतिष्ठित असल्यामुळे या वेळी दैवी कोपाचे कारण पुरले नाही; एम्सवर्थचा धंदा बसला. जे कालव पेनीला चार मिळत होते, ते मोजून मागवण्याची वस्तू झाले.

वस्तू दुर्मीळ झाली की तिच्याभोवती आठवण रचता येते. गिनेसने आपली पहिली मोठी जाहिरात-मोहीम १९२९ साली सुरू केली आणि पुढच्या काळात कालव हा त्या जाहिरातींचा आवडता विषय ठरला. १९५० साली डेव्हिड ऑगिल्व्ही याने अमेरिकन बाजारासाठी तयार केलेली 'गिनेस गाइड टू ऑयस्टर्स' ही जाहिरात तर विद्यापीठात शिकवावी अशी आहे. तीत नऊ प्रकारच्या कालवांची चित्रे आणि जाणकाराच्या थाटातल्या नोंदी आहेत, आणि शेवटी, जणू सहज, ही सारी कालवे गिनेसबरोबरच उत्तम लागतात, असे विधान आहे. ज्ञानकोशाचा सूर आणि विक्रेत्याचा हेतू यांचे इतके बेमालूम मिश्रण विरळा. आयर्लंडातल्या गॉलवे येथे १९५४ साली कालवांचा उत्सव सुरू झाला तो पर्यटनाचा हंगाम लांबवण्याच्या गरजेतून. आता तो अतिप्राचीन वाटतो. तीच गोष्ट 'ऑयस्टर स्टाउट'ची. हे नाव आधी केवळ कालवांबरोबर प्यायची स्टाउट अशा अर्थाने आले असावे. प्रत्यक्ष कालवे घालून बिअर करण्याचे प्रयोग त्यानंतरचे, आणि लंडनमध्ये हॅमर्टन यांनी ते केले १९३८ साली. रूपकाला कोणी शब्दशः घ्यावे, तसे हे झाले.

जाहिरातीने परंपरा घडवली म्हणून ती खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ परंपरा अशाच घडतात. अडचण निराळीच आहे : जोडीतले दोन्ही शब्द तेच राहिले आणि दोन्हींचे अर्थ बदलून गेले. डिकन्सच्या लंडनचे कालव म्हणजे युरोपचे मूळचे चपटे कालव. ते कसदार आणि काहीसे तांब्यासारखे लागणारे. ते रस्त्यावर मिरपूड आणि व्हिनेगर मारून गिळले जाई. आज इंग्लंड-आयर्लंडच्या उपाहारगृहांत जे बहुतांशी मिळते ते पॅसिफिक महासागरातले, जपानच्या बाजूचे, १९६० च्या दशकात तिकडच्या बागांत लावले गेलेले कालव. ते भरभर वाढते, बारमाही मिळते आणि चवीला अधिक सौम्य असते. आज आपण ज्याला 'नाजूक' म्हणतो ते मुख्यतः हे.

बिअरचेही तसेच. अठराव्या शतकातली पोर्टर तपकिरी माल्टची होती. ते माल्ट लाकडाच्या जाळावर सुकवलेले असे, आणि दीर्घकाळ मुरल्यामुळे बिअरला आंबूस, वाइनसारखी धार येई. १८१७ साली डॅनिएल व्हीलर याने कॉफी भाजावी तसे माल्ट फिरत्या पिंपात काळे भाजण्याचे एकस्व घेतले, आणि कारखानदारांना फिकट, स्वस्त पडणाऱ्या माल्टात चिमूटभर काळे माल्ट घालून तोच रंग आणता येऊ लागला. रंग तोच राहिला. चव मात्र निराळी झाली. गिनेसमध्ये मोड न आणता भाजलेले जव आले ते विसाव्या शतकात; नायट्रोजनमुळे येणारा सायीसारखा फेस १९५९ पासूनचा. म्हणजे डिझरायलीच्या मेजावरची जोडी आज जशीच्या तशी मांडू म्हटले तर दोन्ही बाजूंचे मूळ पाठ हरवलेले आहेत. हाती आहेत त्या उत्तरकालीन प्रती.

मग निवड कशी करावी? येथे संहितेपेक्षा जीभ आणि थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवले की वाइनमधल्या लोहामुळे शिंपल्यांबरोबर ती पिताना तोंडात उग्र मासळीचा वास येतो. बिअर करणारे लोहाला शत्रू मानतात, कारण त्याने बिअर लवकर शिळी पडते. त्यामुळे पाण्यातले लोह आधीच काढले जाते. म्हणजे लाल वाइनमध्ये जो धोका असतो तो बिअरमध्ये बहुधा नसतो. २०२० साली कोपनहेगनच्या संशोधकांनी कालव आणि शॅम्पेन यांच्या मैत्रीचे कारण उमामी चवीत शोधले. यीस्टवर मुरलेल्या शॅम्पेनमधले ग्लुटामेट आणि कालवातली न्यूक्लिओटाइड द्रव्ये एकमेकांना उठाव देतात, असे त्यांचे म्हणणे. हे संशोधन शॅम्पेनवरचे आहे, बिअरवरचे नाही. तरी तळाशी यीस्ट असलेल्या बिअरीकडे बोट दाखवायला ते पुरेसे आहे, असे आम्हाला वाटते.

अशा बिअरीची स्वतःची, पुस्तकांत कमी गाजलेली परंपरा बेल्जियममध्ये आहे. तेथे वाफवलेल्या शिनाण्यांच्या पातेल्याबरोबर पांढरी, गढूळ गव्हाची बिअर घेतात. धणे आणि संत्र्याची साल घातलेली ही बिअर जवळजवळ संपलीच होती. हुगार्डन गावातला तिचा शेवटचा कारखाना १९५७ साली बंद पडला. १९६६ साली पियर सेलिस या गावच्या दूधवाल्याने ती पुन्हा गाळायला सुरुवात केली. अभिजाततेचा शिक्का तिच्यावर नाही. पण तिचा हलका आंबटपणा लिंबाचे काम करतो आणि कडवटपणा मुळीच आडवा येत नाही. नाजूक कालव, कोळंबी किंवा तिसऱ्या यांच्याशी आमच्या जिभेने तिलाच पहिला मान दिला आहे. धणे घातलेल्या पेयाशी कोकणातल्या तिसऱ्यांचे जमावे, यात आश्चर्य कसले?

स्टाउट घ्यायचीच तर कोरडी, हलक्या अंगाची, चार-सव्वाचार टक्के अल्कोहोलची घ्यावी. तिचा रंग पाहून ती जड असेल असे वाटते, पण तो डोळ्यांचा भ्रम आहे. गोड, दणकट 'इंपीरियल' स्टाउटखाली मात्र कालव गाडले जाते. हॉप्सने कडू झालेली इंडिया पेल एल तर आम्ही मुळीच सुचवणार नाही. नावात इंडिया असल्याने आपल्याकडच्या वाचकाला तिच्याविषयी आपुलकी वाटते, हे खरे. परंतु कंपनीच्या काळात हिंदुस्थानात येणारी पेल एल मुख्यतः अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मेजावर जाई. छावणीतल्या गोऱ्या शिपायासाठी जहाजे भरून येत असे ती पोर्टर. कोणाचे नाव इतिहासात उरावे, हे बाटल्यांच्या बाबतीतही गिऱ्हाइकाच्या हुद्द्यावरच ठरले.

राहिला हंगाम. इंग्रजी नावात 'आर' अक्षर नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, मूळचे चपटे कालव खाऊ नये असा तिकडे दंडक आहे. त्या काळात ते प्रजननात गुंतलेले असते आणि त्याचे मांस दुधाळ, बेचव होते. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावत नाहीत, त्याच्याशी या पंचांगाचे सोयरिक नसले तरी शेजार आहे. व्हिट्स्टेबलला किंवा गॉलवेला जाण्याचा योग आला तर सप्टेंबरनंतर जावे, बारमाही मिळणाऱ्या कालवाऐवजी तिथले चपटे कालव आवर्जून मागावे, आणि काळी बिअर घ्यायची तर त्याच्याबरोबर घ्यावी. ते तिला पुरून उरते. व्हिनेगर मात्र बेताने.